न्कोयोची उपकारस्तुती

याकोबला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, त्याच संध्याकाळी न्कोयोने मला विचारलं, "रविवारी काय नेसणार आहेस?"

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. चर्चच्या मंडळीतल्या बायका मागच्या अंगणात मोठाली पातेली घासत होत्या. पुढच्या दारी कोणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं. माझ्या चपलांना दफनभूमीची लाल माती तशीच चिकटलेली होती. मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"रविवारी काय आहे?"

"थँक्सगिव्हिंग," ती म्हणाली. "सगळं चर्च येईल. तुला पुढे चालावं लागेल."

आमच्या नगरकडे आम्ही ख्रिस्ती माणसं त्याला उपकारस्तुती म्हणतो. नवं घर झालं, मूल झालं, माणूस ऑपरेशनमधून उठला, की पाळकसाहेबांना बोलवायचं, दोन गीतं म्हणायची, प्रार्थना करायची, वर चहा आणि चिवडा. मयत झाल्यावर उपकारस्तुती करतात हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"कशाचे उपकार मानू?" मी विचारलं. "याकोबला नेलं त्याचे?"

न्कोयो माझ्यापुढे खाली बसली. तिने माझ्या पायातल्या चपला काढल्या, मोरीत नेऊन धुतल्या आणि भिंतीला उभ्या करून ठेवल्या. मग म्हणाली, "पांढरंच नेसशील ना? नेस. आमच्या पास्टरचा झगा तेवढा पिवळा दिसेल तुझ्या शेजारी."

"घरी जा, न्कोयो."

"जाते," ती म्हणाली, आणि बायकांच्यात जाऊन पातेली घासत बसली.

हे सगळं नायजेरियातलं, कॅलाबारपासून दोनेक तासांवरच्या एका गावातलं. तेव्हा तिकडच्या सरकारी शाळांना शिक्षक हवे असायचे आणि आपल्याकडून पुष्कळ जण जायचे. याकोब गणित शिकवायचा, मी इंग्रजी. करुणा, आमची मुलगी, माझ्या आईपाशी नगरला राहायची. न्कोयो आमच्याच शाळेत शिवण आणि स्वयंपाक शिकवायची आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. तिचा नवरा तिथल्या यादवी युद्धात गेला, एवढं गावाला माहीत होतं. तिच्या पुढच्या खोलीत त्याचा सुटाबुटातला फोटो होता. त्याविषयी कोणी विचारत नसे. त्या भागात युद्धाबद्दल कोणीच कोणाला विचारत नसे.

आम्ही गावात आलो त्या दिवशी ती थाळीभर तळलेली केळी घेऊन आली आणि म्हणाली, "मी न्कोयो." याकोबने माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "नको यो?" मला हसू आवरेना. तिने कमरेवर हात ठेवून कारण विचारलं. मी ओशाळून सांगितलं, की आमच्या भाषेत नको म्हणजे नको, आणि मुलीमागून मुली झाल्या तर आमच्याकडे काही लोक शेवटच्या मुलीचं नावच नकोशी ठेवतात. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून हसली. "माझ्या आईलाही मुलगाच हवा होता," ती म्हणाली. "तिला हे सुचलं नाही, नाहीतर ठेवलं असतं!" तेव्हापासून ती वर्गात, बाजारात, चर्चच्या दारात सांगत सुटली, की इंडियात माझ्या नावाचा अर्थ 'मला नको' असा होतो, म्हणून मला काही देताना दोनदा द्या.

अशी ती होती. मंडळीत कोणाच्या घरी दुखणं असो, बारसं असो, न्कोयोचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा आणि मागून हशा. याकोब शांत माणूस. तो इतका हसलेला मी आमच्या लग्नानंतर तिथेच पाहिला.

मग पावसाळा सरला, वाळवंटाकडून धूळ घेऊन येणारा तो कोरडा वारा सुटला, आणि याकोबला ताप आला. मलेरिया तिकडे सगळ्यांनाच व्हायचा. आम्ही गोळ्या घेतल्या, दोन दिवस झोपू असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं नाही. तो मला त्याच्या आईच्या नावाने हाक मारू लागला. न्कोयोने गाडी मिळवली, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. ताप मेंदूत गेला होता. आठवडा पुरा व्हायच्या आत तो गेला. नगरला तार पाठवली, पण त्याला नगरला नेणं शक्य नव्हतं. करुणाने बापाचं तोंड पाहिलं नाही.

शनिवारी पास्टर एफिओंग आले. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. टोपी मांडीवर ठेवून बसले.

"सिस्टर लिडिया," ते म्हणाले. माझं नाव लुदिया, पण तिकडे सगळे लिडियाच म्हणायचे, आणि याकोबला जेकब. "आमची अशी रीत आहे. दफन झालं की पुढच्या रविवारी घरची माणसं देवापुढे येतात. जबरदस्ती नाही."

"मी येणार नाही, पास्टर."

"बरं."

"मला राग आलाय. तुमच्यावर नाही."

"समजलं," ते म्हणाले. "तो रागही घेऊन आलात तरी चालेल. तिथे जागा आहे." मग प्रार्थना न करताच उठले. मला त्याचं बरं वाटलं. त्या दिवशी कोणी माझ्यापुढे डोळे मिटून हात जोडले असते तर मी ओरडले असते.

न्कोयो मात्र दिवसभर येत-जात राहिली. मिरचीचं कढण आणलं. मी खाल्लं नाही तर स्वतःच समोर बसून खाल्लं. शाळेच्या गेटवरचा रखवालदार दफनाच्या वेळी याकोबसाठी इतक्या मोठ्याने रडला, की त्याचीच बायको त्याला म्हणाली, माझ्यासाठी थोडं शिल्लक ठेव, असं काहीतरी सांगत राहिली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला तिचा आवाज सहन होत नव्हता. हिला कधी काही दुखतच नाही का, असं वाटत होतं. जाताना तिने उशाशी पाणी ठेवलं.

रविवारी सकाळी मी दार बंद करून बसले. नऊच्या सुमारास रस्त्यावरून गाणं ऐकू यायला लागलं. ते जवळ आलं आणि माझ्याच दारापुढे थांबलं. गाणं संपेना. शेवटी मी उठले, त्यांना जा म्हणून सांगावं म्हणून दार उघडलं.

अंगणभर बायका उभ्या होत्या. सगळ्या पांढऱ्यात. तिकडच्या बायकांना रंगांचं वेड. चर्चला येताना तर निळे, केशरी, हिरवे कपडे आणि डोक्याला तसलेच उंच रुमाल. त्या दिवशी एकीच्याही अंगावर रंग नव्हता. कोणाचं पांढरं जुनं होऊन पिवळट झालेलं, एकीने तर पलंगावरची चादर कमरेला गुंडाळलेली दिसत होती. न्कोयो सगळ्यांत पुढे होती.

"मी यांना सांगितलं, इंडियात दुःखाचा रंग पांढरा असतो," ती म्हणाली. "आता तू आली नाहीस तर आम्ही एवढ्या जणी नर्ससारख्या दिसत परत जायचं का?"

मला नाही म्हणता आलं नाही. मी आत जाऊन पांढरं पातळ नेसले.

चर्च भरलं होतं. तिकडची रीत अशी, की घरची माणसं दारापासून वेदीपर्यंत नाचत नाचत जातात आणि बाकीचे मागून येतात. मला घरचं माणूस नव्हतं. मी दारात एकटी उभी राहिले. ढोल सुरू झाला. पाय उचलेना. इतक्यात मागे हालचाल झाली म्हणून वळून पाहिलं, तर याकोबच्या वर्गातली मुलं, शिक्षक, बाजारातल्या मासळीवाल्या, सगळे बाकांवरून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. न्कोयो माझ्या कानाशी होती.

"चाल."

"मला नाचता येत नाही."

"दिसतंय ते. हात तरी हलव. बस थांबवल्यासारखा हलवलास तरी देवाला समजेल."

मी चालले. नाचले नाही. पदर डोक्यावर घेऊन, खाली बघत, जशी नगरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला जात असे तशी चालत गेले, आणि माझ्यामागे अख्खं गाव नाचत आलं.

वेदीपाशी पास्टर म्हणाले, की विधवेची इच्छा असेल तर तिने चार शब्द बोलावेत. मी तोंड उघडलं. आणि न्कोयोकडे वळून पाहिलं. न्कोयोने माझ्या कोपराला धरलं आणि मंडळीकडे तोंड केलं.

"मिस्टर जेकबना आमच्या भाषेतला एकच शब्द येत होता," ती म्हणाली. "सोसोंगो."

लोक लगेच हसले. सोसोंगो म्हणजे आभारी आहे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं ते.

"मासळीवालीने भाव सांगितला, हे म्हणाले सोसोंगो. ती म्हणाली, अहो, हा भाव आहे. सोसोंगो. तिने चिडून एक मासा जास्त टाकला आणि म्हणाली, आता जा! सोसोंगो. पोलिसाने मोटरसायकल अडवली. दिवा कुठे आहे? सोसोंगो. पोलीस ओरडला, मी तुला दिवा विचारतोय! सोसोंगो, सर. शेवटी त्या पोलिसाने सलाम ठोकला. त्याला वाटलं, कोणी मोठा माणूस असावा."

बाकांवर लोक मांड्या थोपटत होते. मागे कोणीतरी खोकत खोकत हसत होतं.

"मी एकदा त्यांना म्हटलं, शिव्या तरी शिका, इथे राहायचंय तर. ते म्हणाले, एक शब्द नीट येऊ दे, मग दुसरा शिकतो." ती थांबली. "दुसरा शिकायला त्यांना सवड मिळाली नाही. आम्ही त्यांना चार वर्षं हा एकच शब्द बोलताना ऐकलं. देवा, तू तो ऐकला असशीलच."

मी हसत होते. पोलिसाच्या गोष्टीवर केव्हातरी मला हसू फुटलं होतं आणि ते आता थांबत नव्हतं. याकोबचा चेहरा, पोलिसापुढचं ते त्याचं अदबीने मान लववणं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग त्या हसण्यातूनच वेगळा आवाज यायला लागला. तो माझाच आहे हे मला थोड्या वेळाने कळलं. मी वेदीपुढेच खाली बसले. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका माझ्याभोवती खाली बसल्या आणि ढोल वाजतच राहिला. दफनाच्या दिवशी मी रडले नव्हते.

दुपारी घरी आल्यावर आम्ही दोघीच होतो. न्कोयोने भात वाढला आणि मी खाल्ला. बाहेर धुळीने आभाळ राखेसारखं झालं होतं, ऊन असून नसल्यासारखं.

मला राग उरला नव्हता. पण एक गोष्ट समजून घ्यायची होती, म्हणून विचारलं, "तुझा नवरा गेला तेव्हा तू केलीस का अशी उपकारस्तुती?"

"नाही."

"का?"

"कधी करू?" ती म्हणाली. "तो गेला असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सैनिक आले, त्याला ट्रकमध्ये बसवलं. तेवढंच मला माहीत आहे." तिने माझ्या थाळीत आणखी भात घातला. "आणि मुलींच्या वेळी तर चर्चच नव्हतं."

"कोणत्या मुली?"

चार वर्षं आम्ही एका कुंपणाला राहत होतो. माझ्या करुणाचे फोटो तिने शंभरदा पाहिले होते, तिच्यासाठी फ्रॉक शिवून दिले होते.

न्कोयोने डाव खाली ठेवला.

"दोन होत्या," ती म्हणाली. "आम्ही वर उत्तरेकडे होतो, नवऱ्याच्या गावाजवळ. कधी या बाजूचं सैन्य यायचं, कधी त्या. आम्ही नुसतेच पळत होतो. मग एका शाळेत शिबिर होतं, तिथे पोचलो. खायला काही नव्हतं. धाकटी अंगावर पीत होती, आणि मला दूध नव्हतं. ती आधी गेली. मग थोरली. पोट एवढं मोठं, आणि केस मक्याच्या तुऱ्यासारखे तांबूस झाले होते तिचे. रोज सकाळी माणसं हातगाडी घेऊन यायची. मी थोरलीला सोडत नव्हते. एक नर्स म्हणाली, दे, इथे बाकीची मुलंही आहेत. मग दिलं. शाळेच्या मागे आंब्याच्या झाडापाशी मोठा खड्डा होता, तिकडे नेलं. मला तिथवर चालवलं नाही. लांबून पाहिलं."

मी थाळी बाजूला सारली.

"कोणी गायलं नाही, लिडिया. पास्टर नव्हता. पेटी नव्हती. तुझ्या जेकबला पेटी होती, चांगल्या लाकडाची. खांदा द्यायला माणसं भांडत होती. नाव लिहिलंय तिथे. उद्या तुला वाटलं तर तू तिथे जाऊन बसू शकतेस. उपकार त्याचे, बाई. तो मेला त्याचे नाहीत."

तिने माझी थाळी उचलून मोरीत ठेवली. मग ती म्हणाली, "त्या शिबिरात एक म्हातारी होती. दिवसभर गमती सांगायची. तिचा जावई कसा बकरीला घाबरतो, असलं काहीतरी. मला तिचा गळा दाबावासा वाटायचा. मुली गेल्यावर मी खाणं सोडलं होतं. ती माझ्याजवळ बसून बोलत राहायची, बोलत राहायची, आणि मध्येच तोंडात घास घालायची. मी हसायला तोंड उघडलं की घास." ती किंचित हसली. "आज सकाळी मी तुझ्यामागे नाचत होते ना, ते तुझ्या जेकबसाठी नव्हतं, माझ्या दोघींसाठी होतं. रागावू नकोस."

पुढच्या आठवड्यात माझं विमान होतं. मी नगरला परत आले, करुणाला वाढवलं, तिथल्याच शाळेत नोकरी करून निवृत्त झाले. न्कोयोची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. पण निघण्याआधी मी तिला म्हटलं होतं, "मला ती जागा दाखव." ती आधी नाही म्हणाली. दोनदा नाही म्हणाली. बुधवारी सकाळी स्वतःच दार वाजवून म्हणाली, "चल."

पूजो कंपनीच्या भाड्याच्या गाडीत आठ माणसांत चेपून आम्ही गेलो. वाटेत ती ड्रायव्हरशी मोठमोठ्याने बोलत होती, गाडीतल्या माणसांना हसवत होती. गाव जवळ आलं तशी गप्प झाली.

शाळा नवी बांधली होती. तिच्यामागे मोकळं रान नव्हतं, बाजार होता. पत्र्याच्या शेडा, खाली ढीगच्या ढीग याम, म्हणजे तिकडचे मांडीएवढाले कंद, पामतेलाचे डबे, वाळलेली मासळी. न्कोयो रांगांमधून चालू लागली. एका आंब्यापाशी थांबली, मग मान हलवून पुढे गेली. पुढे दुसरा आंबा होता. तिने शाळेकडे पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला, पुन्हा मागे आली. एका विक्रेतीने विचारलं, "काय हवंय, मॅडम?" न्कोयो पुढच्या रांगेत वळली.

"जागा सापडत नाही," ती मला म्हणाली. "इथेच कुठेतरी असेल. इथे, नाहीतर तिथे. मला वाटलं होतं, आल्यावर कळेल."

दोन ढिगांच्या मधल्या वाटेत ती उभी राहिली. लोक तिला चुकवून जात होते. एकाच्या पाटीचा धक्का लागला, तरी ती हलली नाही.

"नावं काय होती?" मी विचारलं.

तिने पुन्हा एकदा शाळेकडे पाहिलं.

"थोरली आरित," ती म्हणाली. "धाकटी एनो."

मी पदर डोक्यावर घेतला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. इंग्रजी शिकवणारी मी, पण त्या क्षणी मला इंग्रजीतला एक शब्द आठवेना. मी मराठीतच, मोठ्याने म्हटलं, "प्रभू, आरितबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. एनोबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." पुढे काही सुचलं नाही. तेवढंच परत म्हटलं आणि आमेन म्हणून थांबले.

त्या मुलखात कोणी प्रार्थना करताना दिसलं की माणसं हातातलं काम सोडतात. शेजारच्या विक्रेत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. कोणाची प्रार्थना, कशाची, कोणत्या भाषेतली, त्यांना काही माहीत नव्हतं. त्या सगळ्या मिळून म्हणाल्या, "आमेन."

न्कोयो जमिनीकडे बघत होती. तुडवलेली लाल माती, कंदांच्या साली, कोणाच्या तरी पावलांचे ठसे. ती हळूहळू खाली बसली आणि दोन्ही तळवे तिने मातीवर टेकवले.

"परत म्हण," ती म्हणाली. "बाकीचं नको. फक्त नावं म्हण."

मी तिच्याजवळ खाली बसले आणि नावं म्हटली.